न्यू ऑर्लिन्समध्ये बांधाआड घर घ्यावं का?

मुक्काम_पोस्ट
नमस्कार मंडळी. दोनेक महिन्यांत ऑस्टिनहून न्यू ऑर्लिन्सला हलतोय. बायकोला तिथल्या इस्पितळात नोकरी लागली आहे. दोन घरं नजरेत आहेत. एक लेकव्ह्यू भागात, २००५ च्या कॅटरीना वादळानंतर जुनं पाडून नव्याने बांधलेलं. चार बेडरूम, मागे मोठं अंगण, आणि सतराव्या रस्त्याचा कालवा चालत जाण्याच्या अंतरावर. दुसरं अपटाउनमध्ये. जुनं, अडचणीचं, लाकडी, खांबांवर उचललेलं, गाडी लावायची बोंब, आणि किंमत मात्र जवळपास तेवढीच.

एजंट म्हणतो डोळे मिटून लेकव्ह्यू घ्या. आता अब्जावधी डॉलर ओतून नवे बांध झालेत, घर 'एक्स' झोनमध्ये (सरकारी पूर-नकाशावर कमी जोखमीचा भाग) आहे, बँक पुराचा विमासुद्धा मागत नाही. आई-बाबा जूनमध्ये येणार, ऑक्टोबरपर्यंत राहणार. मी सोलापूरचा, समुद्राशी आमचा संबंध सुट्टीपुरता. तेव्हा दोन प्रश्न: एजंट म्हणतो ते कितपत खरं? आणि कॅटेगरी ३ पर्यंतच्या वादळात घरीच बसून राहिलं तर चालतं का?

टिवल्याबावल्या
सोलापूरचा माणूस पाणी शोधत निघाला तो थेट समुद्रसपाटीच्या खाली जाऊन पोचला. चादरी उंचावर ठेवा.

बाकी तज्ज्ञ येतीलच. मी खुर्ची टाकून बसतो.

तळमाती
बॅटन रूजजवळ राहतो, पोट मातीच्या चाचण्यांवर चालतं. थोडं लांबेल.

आधी तो कॅटेगरीचा आकडा डोक्यातून काढा. कॅटेगरी (१ ते ५) म्हणजे फक्त वाऱ्याचा वेग. पाणी किती चढेल याचा त्यात हिशोब नाही. पूर्वी त्या कोष्टकात पाण्याच्या उंचीचे आकडेही देत असत, पण गोंधळ इतका झाला की २०१० मध्ये ते अधिकृतपणे काढून टाकले. कॅटरीना २८ ऑगस्ट २००५ ला मेक्सिकोच्या खुल्या आखातात कॅटेगरी ५ होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बुरासजवळ जमिनीवर आलं तेव्हा ३. वारा उतरला, पण आधी ढकलत आणलेलं पाणी काही मागे फिरलं नाही. मिसिसिपी राज्यात पास ख्रिश्चनला ते २७.८ फूट चढलं, म्हणजे साधारण साडेआठ मीटर. त्याच किनाऱ्यावर १९६९ मध्ये कॅमिल आलं होतं, ते कॅटेगरी ५. 'कॅमिलमध्ये आमच्या उंबऱ्याला पाणी लागलं नाही, मग हे तर ३ च आहे' म्हणून कितीतरी माणसं घरात बसली आणि तिथेच गेली.

पाणी चढतं ते मुख्यतः वाऱ्याच्या ढकलण्याने. वादळाच्या पोटातला हवेचा दाब कमी असतो म्हणूनही समुद्र उचलला जातो, पण एक मिलिबारला साधारण एक सेंटिमीटर. कॅटरीनाचा दाब किनाऱ्यावर ९२० मिलिबार होता, नेहमीपेक्षा नव्वदेकने कमी, म्हणजे त्या हिशोबाने जेमतेम मीटरभर. उरलेलं सगळं वाऱ्याचं काम. त्यातही वादळाचा घेर किती आणि किनाऱ्याजवळचा समुद्र किती उथळ, याला महत्त्व जास्त. खोल समुद्रात ढकललेलं पाणी खालून परत जातं. आखाताच्या उत्तर किनाऱ्यावर तळ दूरवर उथळ आहे, पाण्याला परत जायला जागाच नाही, मग ते जमिनीवर चढतं. आणि वादळाच्या उजव्या अंगाला असाल तर जास्त, कारण तिथे वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो.

लेकव्ह्यूबद्दल रात्री लिहितो, साइटवर जायचंय.

ह्यूस्टनकाका
तळमातींशी सहमत. २००८ चं आइक आमच्या अंगावरून गेलं. कॅटेगरी २. टीव्हीवर '२' ऐकून समुद्रकाठची अर्धी बोलिव्हर पट्टी निवांत होती. वादळ अजून दिवसभराच्या अंतरावर, आणि पाणी आधीच रस्त्यावर. ज्यांनी 'सकाळी बघू' म्हटलं त्यांचा बाहेर पडायचा रस्ता सकाळी पाण्याखाली. पट्टीवर पंधरा-वीस फूट पाणी चढलं, घरांच्या जागी नुसते खांब उरले.

पण दुसरी बाजूही सांगतो. २००५ मध्ये कॅटरीनाच्या धसक्याने रीटा वादळाच्या वेळी अख्खं ह्यूस्टन रस्त्यावर उतरलं. पंचवीस लाखांहून जास्त माणसं. ज्यांना पाण्याचा काडीचा धोका नव्हता तेही. आम्हीही. पेट्रोल संपलेल्या गाड्या, शंभर डिग्रीचा उकाडा, मुलं मागे रडतायत, आणि तासाला दोन-तीन मैल. वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणाऱ्या एका बसला आग लागून तेवीस जण गेले. इथे आता एकच शिकवतात: वाऱ्यासाठी घरात थांबा, पाण्यासाठी गाव सोडा. तुमचं घर पाण्याच्या पट्ट्यात आहे का, हे आज शोधून ठेवा. वादळ आल्यावर नको.

खारेपाटकर
(हो, अलिबागहूनच आलोय, विनोद करून घ्या.)

आमच्याकडे खाडीकाठची भातशेती खारबंदिस्तीच्या (खारं पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधांच्या) आधारावर. पावसाळ्यातलं मोठं उधाण आणि वरून वारा असला की बांधाला खांड जाते, म्हणजे भगदाड पडतं. एकदा खांड गेली की ती रुंदावत जाते, वरून ओतलेली माती वाहून जाते. खारं पाणी शेतात बसलं की पुढची दोन-तीन वर्षं भाताचं नाव काढायचं नाही. त्यामुळे बांध फुटतो म्हणजे काय हे सांगायला मला अमेरिकेला जायची गरज नाही. बांध दर वेळी वरून पाणी ओसंडूनच फुटतो असं नाही, खालूनही फुटतो. खेकड्यांच्या बिळातून झिरपतं, कुणी लक्ष देत नाही, आणि मग एका रात्री जातो.

एक विचारायचं होतं. आमच्याकडे उघाडी असते. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने दार आपसूक मिटतं, ओहोटीला उघडतं आणि आतलं पाणी निघून जातं. मग न्यू ऑर्लिन्समध्ये पाणी इतके दिवस का बसलं?

तळमाती
खारेपाटकर, नेमका प्रश्न. तुमच्याकडे ओहोटीला बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली जाते. न्यू ऑर्लिन्सचा जवळजवळ अर्धा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. तिथे ओहोटी कामाची नाही. पावसाचं पाणीसुद्धा पंपाने उचलून तळ्यात टाकावं लागतं, रोजचंच. आणि दलदल उपसून कोरडी केली की माती वाळते, आकसते, जमीन आणखी खचते. म्हणजे जितकं उपसा तितकं खाली जा.

आता तो सतराव्या रस्त्याचा कालवा. पंपांनी उपसलेलं पाणी शहराच्या उत्तरेकडच्या पाँटचारट्रेन तळ्यात न्यायला तो आहे. असे तीन कालवे शहराच्या पोटात शिरतात. २००५ मध्ये त्यांच्या तोंडाशी दरवाजे नव्हते. वादळ पूर्वेकडून सरकलं, वारा उत्तरेकडून फिरला, तळ्याचं पाणी दक्षिण काठावर चढलं आणि कालव्यांतून उलटं आत आलं. कालव्याच्या काठावर मातीचा बांध, त्यात उभे रोवलेले पोलादी पत्रे, आणि पत्र्यांच्या माथ्यावर काँक्रीटची भिंत. पाणी भिंतीच्या माथ्यापासून चांगलं चार-पाच फूट खाली असतानाच भिंत सरकली. ओसंडलं नाही. पाण्याच्या दाबाने भिंत किंचित कलली, भिंत आणि माती यांच्यात पाण्याच्या बाजूने फट पडली, फटीत पाणी उतरलं, आणि खालच्या मऊ चिकणमातीच्या थरावरून बांधाचा अख्खा तुकडा घरांकडे घसरला. साडेचारशे फुटांचं खिंडार. लंडन अ‍ॅव्हेन्यूच्या कालव्याला खाली वाळू होती, तिथे पाणी वाळूतून बांधाखालून गेलं. दोन ठिकाणी फुटला. शहराभोवती मिळून पन्नासाहून जास्त ठिकाणी बांध गेले, शहराचा ८० टक्के भाग पाण्याखाली. उपसायला दीड महिना लागला.

तुमच्या खेकड्यांच्या बिळांवरून आठवलं: सतराव्या रस्त्याच्या कालव्याशेजारच्या लोकांच्या अंगणात कॅटरीनाच्या काही महिने आधीपासून पाणी साचत होतं. कोरड्या दिवसांत. त्यांनी तक्रारीही केल्या होत्या.

त्यामुळे 'निसर्गाचा कोप' वगैरे मला सहन होत नाही. मिसिसिपी किनाऱ्यावर निसर्गाचा कोप झाला, तिथे बांधच नव्हते. लेकव्ह्यूत डिझाइन बुडालं.

चिकित्सक_चिंतू
हे सगळं ठीक, पण मुळात समुद्राच्या खाली शहर वसवायचंच कशाला? दर वेळी करदात्यांनी पैसे ओतायचे आणि यांनी परत तिथेच घरं बांधायची. सरळ हलवा म्हणावं.

रात्रपाळी
चिंतू, मी इथे राहते म्हणून सांगते. हे शहर 'समुद्राच्या खाली' वसवलेलं नाही. फ्रेंचांनी १७१८ मध्ये मिसिसिपी नदीकाठच्या उंचवट्यावर वसवलं. नदी पुरात येते तेव्हा जड गाळ काठावरच टाकते, म्हणून इथे नदीचा काठ उंच आणि काठापासून दूर जावं तसा उतार. फ्रेंच क्वार्टर, गार्डन डिस्ट्रिक्ट, अपटाउनचा नदीकडचा पट्टा २००५ मध्ये कोरडे राहिले. १८७८ चा शहराचा नकाशा पाहा, जिथे तेव्हा वस्ती होती तोच भाग बराचसा वाचला. खालची दलदल विसाव्या शतकात मोठे पंप आल्यावर उपसली, आणि जमिनीलगतच्या काँक्रीटच्या चौथऱ्यावर घरं बांधली. लोकांनी सरकारी परवानगीने, बँकेच्या कर्जाने, रीतसर घेतलेली घरं. त्यांना मूर्ख म्हणणं सोपं आहे.

तळमाती
+१. शिवाय करदात्यांचा पैसा पाणी आणायलाही खर्च झालाय. साठच्या दशकात जहाजांसाठी दलदलीतून ७६ मैलांचा सरळ कालवा खणला. जहाजं फारशी फिरकली नाहीत, पण खारं पाणी आत शिरून सायप्रसची जंगलं मेली आणि वादळाच्या लाटांना आडकाठी उरली नाही. शेजारच्या सेंट बर्नार्ड परगण्यातले लोक वर्षानुवर्षं ओरडत होते. कॅटरीनानंतर, २००९ मध्ये दगडांचा बंधारा घालून तो बंद केला.

आणि नदीला दोन्ही बाजूंनी बांध घातल्यामुळे गाळ आता थेट खोल समुद्रात जातो. त्रिभुज प्रदेशाला माती मिळेना. १९३० च्या दशकापासून लुइझियानाची सुमारे पाच हजार चौरस किलोमीटर जमीन पाण्यात गेली आहे. तेल कंपन्यांनी खणलेल्या कालव्यांचाही त्यात हात आहेच.

अवांतर: लोअर नाइन्थ वॉर्डमधल्या वयस्कर माणसांशी बोललात तर बरेच जण शपथेवर सांगतील की १९६५ च्या बेट्सी वादळात आणि २००५ मध्येही बांध मुद्दाम उडवला. २००५ मध्ये तसं झालं नाही, पण त्यांना वेड्यात काढू नका. १९२७ च्या महापुरात शहरातल्या बड्या मंडळींनी कार्नार्व्हनचा बांध खरोखरच डायनामाइटने उडवून घेतला होता, शहर वाचावं म्हणून. खालच्या दोन परगण्यांतली गरीब माणसांची घरं बुडाली, कबूल केलेली भरपाई बहुतेकांना धड मिळालीच नाही.

मुक्काम_पोस्ट
सगळ्यांचे आभार, एवढं कळेल असं वाटलं नव्हतं. पण मग नव्या बांधांचं काय? एजंट पूर्ण खोटं बोलतोय का?

तळमाती
नाही. २००५ नंतर १४ अब्ज डॉलरहून जास्त खर्च करून केलेलं काम खरंच चांगलं आहे. पूर्वेकडे बोर्ग तळ्याच्या तोंडाशी पावणेदोन मैलांची, २६ फूट उंच भिंत उभी आहे. तिन्ही कालव्यांच्या तोंडाशी दरवाजे आणि कायमचे पंप आहेत, २०१८ मध्ये पूर्ण झाले. म्हणजे तळ्याचं पाणी आता तुमच्या अंगणामागे यायलाच नको. २९ ऑगस्ट २०२१ ला आयडा आलं, वारा ताशी १५० मैल, आणि शहराभोवतीच्या बांधांनी दगा दिला नाही.

पण ही व्यवस्था बेतली आहे ती दर वर्षी १ टक्का शक्यता असलेल्या पाण्यासाठी. ऐकायला शंभर वर्षांतून एकदा. तीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत तेच २६ टक्के होतात, म्हणजे चारात एक. त्यात इथली माती खचते, बांधही खचतात. २०१९ मध्ये बांध बांधणाऱ्या लष्करी अभियंत्यांनीच सांगितलं की उंची वाढवत राहिलो नाही तर २०२३ पासूनच हे संरक्षण कमी पडू लागेल. बांध म्हणजे एकदा बांधून मोकळं व्हायची वस्तू नाही.

आणि बांधाच्या बाहेर किंवा कमी उंचीच्या बांधामागे असाल तर वेगळीच कथा. २०१२ चं आयझॅक, कॅटेगरी १, पण इतकं रेंगाळलं की प्लॅकमिन्स परगण्यात ब्रेथवेटला बांधावरून पाणी आत आलं आणि आतच अडकलं. शेवटी ते बाहेर सोडायला बांधच कापावा लागला.

टिवल्याबावल्या
कॅटरीना २९ ऑगस्ट, आयडा २९ ऑगस्ट, आणि आयझॅकही २८-२९. त्या आठवड्यात सोलापूरला या, हुरडा नसेल पण शेंगाचटणी नक्की.

हिशोबनीस
विम्याच्या दाव्यांचं काम करते. कामाचं तेवढं सांगते.

घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरलेला नसतो. वादळाने छप्पर उडालं तर मिळेल, दारातून पाणी आलं तर नाही. कॅटरीनानंतर वर्षानुवर्षं कोर्टात हेच भांडण चाललं, घर आधी वाऱ्याने पडलं की पाण्याने. नुसते खांब उरले असतील तर सिद्ध काय करणार?

पुराचा विमा वेगळा. सरकारी योजनेत घरासाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, सामानासाठी एक लाख, आणि सामानाचा वेगळा मागून घ्यावा लागतो. विमा घेतल्यापासून लागू व्हायला तीस दिवस, म्हणजे वादळ आखातात शिरल्यावर फोन करून उपयोग नाही. घराच्या कर्जाबरोबर घेतलात तर मात्र लगेच लागू होतो, तेव्हा क्लोजिंगलाच (घराचे कागद होतानाच) घ्या.

'एक्स' झोनचं म्हणाल तर २०१६ मध्ये नवे नकाशे आले आणि शहराचा अर्ध्याहून जास्त भाग जोखमीच्या झोनमधून बाहेर पडला. जमीन उंच झाली नाही. नवे बांध धरून हिशोब केला, एवढंच. बँक विमा मागत नाही याचा अर्थ बँकेवर सक्ती नाही. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१७ मध्ये, नुसत्या पावसाने शहरात पाणी भरलं, वादळ नाही की काही नाही. बरेच पंप बंद होते. त्या वेळी 'आम्ही तर एक्समध्ये' म्हणणारी भिजलेली सोफासेटवाली घरं पुष्कळ होती.

आणि हरिकेन डिडक्टिबल बघा, ते ठरावीक रकमेत नसून घराच्या विमा रकमेच्या टक्क्यांत असतं. पाच लाखांच्या घराला पाच टक्के म्हणजे पहिले पंचवीस हजार तुमचे.

हडसनकाठी
न्यू जर्सीतून. २०१२ चं सँडी किनाऱ्यावर आलं तेव्हा तांत्रिकदृष्ट्या हरिकेनही उरलं नव्हतं. होबोकनमध्ये हडसनचं पाणी उत्तर आणि दक्षिण अशा दोन सखल टोकांनी शिरलं. आमची इमारत मधल्या भागात, तळमजल्याच्या जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत काळं, तेलकट, डिझेलच्या वासाचं पाणी. लिफ्ट बंद, आणि सातव्या मजल्यावर शेजाऱ्यांची गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आई. तिला अख्ख्या बिल्डिंगने मिळून खुर्चीवरून उतरवलं. आई-बाबा येणार म्हणालात म्हणून लिहिलं.

रात्रपाळी
मी हेच लिहायला आले होते. मुक्काम_पोस्ट, घराइतकाच आई-बाबांचा विचार करा. कॅटरीनात लुइझियानात जे गेले त्यांत जवळपास निम्मे पंचाहत्तरीच्या पुढचे. गाडी नाही, औषधं संपली, माळ्यावर चढले आणि छपरातून बाहेर पडता आलं नाही. जुनी माणसं बेट्सीपासून माळ्यावर कुऱ्हाड ठेवत आली आहेत, ते उगीच नाही.

आयडात बांध टिकले, पण शहराला वीज आणणाऱ्या आठच्या आठ मुख्य लाइनी गेल्या. एक मनोरा तर नदीत कोसळला. वादळ इतक्या झपाट्याने तगडं झालं की सगळ्यांना सक्तीने बाहेर काढायला वेळच उरला नव्हता. मी ड्यूटीवर होते. पुढचे दिवस वॉर्डात येत होते ते बुडालेले नव्हेत, उकाड्याने आणि घरात जनरेटर लावून धुराने गुदमरलेले. ज्येष्ठांच्या इमारतींमधून चौथ्या-पाचव्या दिवशीही माणसं आणत होते. एका आजोबांच्या हातात इन्सुलिनची कुपी होती, घट्ट धरलेली, पार गरम झालेली.

म्हणून 'घरी बसू का' याचं माझं उत्तर: तुम्ही दोघं एकटे असाल तर तुमचं तुम्ही ठरवा. आई-बाबा असतील तर आदेशाची वाट न बघता दोन दिवस आधी निघा. ऑस्टिनला मित्र असतीलच, त्यांना आत्ताच सांगून ठेवा. पासपोर्ट, औषधांची चिठ्ठी, परतीचं तिकीट एका पिशवीत. आणि निघताना फ्रीज रिकामा करा! परत आल्यावर तो उघडायची हिंमत होत नाही, इथे कॅटरीनानंतर टेपने बंद केलेले फ्रीज रांगेने फुटपाथवर उभे होते.

चिकित्सक_चिंतू
वरचं वाचून हलवा म्हणावंसं अजूनच वाटतंय, पण गप्प बसतो.

खारेपाटकर
चिंतू, मग मुंबई पण हलवा. अर्धी भराव आहे. निसर्ग वादळ २०२० मध्ये आमच्या डोक्यावर आलं ते मुंबईवर जाणार म्हणून चार दिवस सगळे चॅनल ओरडत होते.

मुक्काम_पोस्ट
बायकोला अख्खा धागा वाचायला दिला. अंगण अजून डोक्यातून गेलेलं नाही, पण तीच म्हणाली अपटाउनचं घर आधी नीट तपासून घेऊ. काल इन्स्पेक्शन झालं. जमिनीपासून तीन फूट उचललेलं आहे, रस्ता समुद्रसपाटीच्या वर आहे, २००५ मध्ये आत पाणी आलं नव्हतं असं विकणाऱ्याने फॉर्मवर लिहून दिलंय. पुराच्या विम्याचा आकडाही मागवलाय, सामानासकट. एकच घोळ. मागच्या बाजूच्या तुळया वाळवीने पोखरल्यात म्हणे. इन्स्पेक्टरने स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला.

तळमाती
फॉर्मोसन वाळवी. त्यासाठी वेगळा धागा काढा, तो याच्यापेक्षा मोठा होईल.